घाम दिसत नाही तेव्हा: मराठवाड्याच्या उन्हात पळताना, चालताना, राबताना

एप्रिलमधली सकाळ, पावणेनऊ वाजलेले. परभणीतल्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सोळाशे मीटरचा शेवटचा फेरा संपवत होती. फेरा संपल्यावर सगळी लिंबाखाली आली, एक मात्र उन्हातच उभा राहिला. "पाणी पिलास का?" विचारलं तर म्हणाला, "घामच येईना सर, पाणी कशाला?" त्याच्या काळ्या टी-शर्टवर पाठभर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. घाम आला होता, भरपूर आला होता. हवेनं तो कातडीवरून परस्पर उचलून नेला होता. दोन मिनिटांत पोरगा खाली बसला आणि उलटी झाली.

सावली, बादलीभर पाणी आणि दोस्तांचे हात यांवर ते प्रकरण निभावलं. पण तेव्हापासून मैदानावर नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगतो: आपल्या उन्हाळ्यात अंग ओलं होण्याची आणि तहान लागण्याची वाट बघायची नाही. या दोन्ही खुणा इथं उशिरा येतात. घड्याळ, वजनकाटा आणि लघवीचा रंग यांवर भरवसा ठेवायचा. पुढं जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी हे ऊन समजून घ्या

माठ पाझरतो म्हणून आतलं पाणी गार होतं. कूलरच्या ओल्या वाळ्यातून हवा जाते म्हणून खोली थंड होते. आपलं अंगही तेच करतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. अट एकच: तो वाळला पाहिजे. कपाळावरून निथळून मातीत पडलेल्या घामाचा काही उपयोग नाही.

कातडीचं तापमान साधारण 35 अंश असतं. बाहेरची हवा त्याहून तापली की ती अंगाला गार करण्याऐवजी तापवू लागते. म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याजवळ घामाशिवाय दुसरा उपायच उरत नाही. हवा कोरडी असल्यानं हा उपाय झकास चालतो, पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. कष्टाचं काम किंवा पळणं असेल तर तासाला एक लिटर, कधी दीड लिटरही घाम जातो आणि सदरा कोरडाच राहतो. कोकणातला माणूस घामानं चिंब होतो म्हणून सावध होतो. आपल्याला सावध करायला काहीच नसतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बातम्यांतला तापमानाचा आकडा सावलीतल्या, हवेशीर लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर मोजलेला असतो. डांबरी रस्त्यावर, उन्हात, पळणाऱ्या माणसाला जाणवणारी धग त्याहून कितीतरी जास्त. शिवाय हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट सहसा तेव्हा म्हणतं, जेव्हा कमाल तापमान किमान 40 अंश असतं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर गेलेलं असतं, किंवा सरळ 45 गाठतं. परभणी-नांदेडकडं मेमध्ये 41-42 अंश ही नेहमीचीच गोष्ट. त्या दिवशी लाट जाहीर होणार नाही, पण शरीराला सरासरी कळत नाही, 42 कळतात.

पहिले दोन आठवडे: अंगाला ऊन शिकवा

ऊन अंगवळणी पडतं, हे अगदी शब्दशः खरं आहे. रोज थोडा वेळ उन्हात घाम काढत गेलं की सात ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि त्याच वेगाला छातीचे ठोके कमी पडतात. हा बदल झालेला नसतो तेव्हाच सगळ्यात जास्त माणसं कोसळतात. पुण्याच्या हॉस्टेलवरून सुट्टीत गावी आलेला पोरगा, दोन महिने आजारी असलेला शेतकरी, एसीत बसणारे आणि एकाच रविवारी डोंगरावर निघालेले साहेब: धोका यांना जास्त.

कामासाठी एक सोपा हिशोब जगभर वापरतात. नवा माणूस असेल तर पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या पाचव्या हिश्श्याइतकंच, मग रोज एकेक हिस्सा वाढवायचा. जुना, सवयीचा पण मध्ये खंड पडलेला माणूस पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी साठ टक्के, तिसऱ्या दिवशी ऐंशी, चौथ्या दिवशी पूर्ण. पळणाऱ्यांनीही हेच करावं. पाच किलोमीटर पळत असाल तर गावी आल्यावर पहिल्या सकाळी एकच किलोमीटर पळा, बाकी चाला. आठवडाभरानं मिळणारा फायदा मोठा आहे. मात्र दोन-तीन आठवडे घरात बसलात तर तो बराचसा निघून जातो, पुन्हा खालून सुरू करावं लागतं.

ही सवय करायला उत्तम महिना मार्च. होळी झाली की सुरू करावं, मे उजाडण्याची वाट बघू नये.

घड्याळ

मेच्या मध्यावर आपल्याकडं सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेबाराच्या आत-बाहेर डोक्यावर येतो. पण सगळ्यात जास्त तापमान दुपारी तीन ते चारच्या दरम्यान असतं, कारण तोवर जमीन तापून हवेला तापवत राहते. म्हणून "बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल" हा हिशोब चुकीचा.

माझं वेळापत्रक असं आहे: मार्चमध्ये साडेआठच्या आत मैदान सोडायचं, एप्रिलमध्ये आठच्या आत, मेमध्ये साडेसातच्या आत. वेगाचा सराव तांबडं फुटल्यावर लगेच, पहिल्या चाळीस मिनिटांत. त्यानंतर फक्त चालणं आणि ताणाचे व्यायाम. अंधारात रस्त्यावर निघत असाल तर फिक्या रंगाचे कपडे घाला, वाहनं समोरून येतील ती बाजू धरा आणि कानात इअरफोन घालू नका.

संध्याकाळचं काय? अनेकांना कामामुळं तीच वेळ मिळते. उन्हं उतरली तरी आपला काळा दगड आणि डांबर उतरत नाहीत. दिवसभर प्यालेली धग ते अंधार पडेपर्यंत ओकत असतात. म्हणून सहाला नव्हे, सात वाजता निघा. सिमेंटच्या रस्त्यापेक्षा मातीचं मैदान किंवा झाडं असलेला रस्ता निवडा. पहाटेइतका गारवा संध्याकाळी मिळत नाही, तेव्हा वेगही त्या मानानं कमी ठेवा.

आदल्या रात्रीपासून

हा भाग सगळे विसरतात. रात्री वीज गेली, डासांनी छळलं, गच्चीवरही वारा नव्हता आणि डोळ्याला डोळा लागला नाही, तर दुसऱ्या दिवशी ऊन लवकर लागतं. अशा सकाळी फक्त चाला. जुलाब, ताप, उलटी झाली असेल तर चोवीस तास अजिबात नको. दारू प्यायली असेल तरी नको, तिनं लघवी वाढते आणि रात्रीत पाणी निघून जातं.

झोपताना एक तांब्या पाणी प्या, उठल्यावर पहिली लघवी बघा. फिकट, गवताच्या वाळल्या काडीसारखी असेल तर ठीक. मोहरीच्या तेलासारखी गडद असेल तर तुम्ही कोरडे निघालेले आहात. अर्धा लिटर पाणी घोट घोट प्या, अर्धा तास थांबा, मग निघा. लघवीला जळजळ, म्हणजे ज्याला आपण उन्हाळी लागणं म्हणतो, ती तर फार पुढची खूण. ती दोन दिवसांत गेली नाही, किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडं जा, कारण तसं जंतुसंसर्गानंही होतं.

पाणी: किती, कधी, कसलं

"भरपूर पाणी प्या" या सल्ल्यानं कुणाचं काही भलं होत नाही. स्वतःचा आकडा काढा. पळायला जाण्याआधी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर पळून आल्यावर अंग पुसून पुन्हा तसंच करा. जितके किलो उतरले तितके लिटर पाणी गेलं, वाटेत प्यालेलं त्यात मिळवा. उदाहरणार्थ 62 किलोचे 61.2 झाले आणि वाटेत 300 मिली प्यालात, तर तासाचा घाम 1.1 लिटर. मार्चमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा असं मोजलंत की वर्षभराचा अंदाज हातात येतो. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट होऊ द्यायची नाही. 60 किलोच्या माणसाला ती हद्द 1.2 लिटर.

काम सुरू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, साधारण 200 ते 250 मिली. एकदम लिटरभर ढोसलेलं पाणी पोटात डचमळत राहतं. आणि वरची हद्दही आहे: तासाला दीड लिटरच्या पुढं जाऊ नका. नुसतं साधं पाणी अति प्यालं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. लोकांना वाटतं ऊन लागलं, म्हणून ते आणखी पाणी पाजतात. लांबच्या सायकल फेरीत किंवा दिवसभराच्या कामात हे घडू शकतं. मदतीआधी एकच विचारा: सकाळपासून किती पाणी प्यालास?

तासाभराच्या आत संपणाऱ्या पळण्याला साधं माठातलं पाणी पुरतं. त्याहून जास्त वेळ असेल तर मीठ परत मिळालं पाहिजे. आपल्या घरात त्यासाठी सगळं आहे. मीठ-जिऱ्याचं पातळ ताक, ज्वारीची आंबील, मीठ घातलेलं लिंबू सरबत, कैरीचं पन्हं. मला आंबील सगळ्यात पटते: पातळ, खारट, पोटाला जड नाही आणि त्यात थोडं पीठही आहे. उसाचा रस चवीला गोड, पण पळताना नको, साखर फार असते. आणि बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला कळत नाही.

ओआरएसच्या पुड्या दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात मिळतात. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी 200 मिलीसाठी. पुडीवर जे लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, अर्ध्या पेल्यात अख्खी पुडी ओतू नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. केलेलं पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्या. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी रोजचं ताक-सरबत किती आणि कसं घ्यायचं ते डॉक्टरांना एकदा विचारून ठेवावं.

अंगावर काय, डोक्यावर काय

आपल्या आज्यानं डोक्याला पटका गुंडाळला, त्यामागं विचार होता. थर असलेलं सैल कापड ऊन अडवतं आणि आत हवा खेळू देतं. आज पटका बांधून पळणं जमणार नाही, पण तत्त्व तेच ठेवा: फिक्या रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा पातळ सुती सदरा आणि चारी बाजूंनी कड असलेली टोपी. समोरच छज्जा असलेली क्रिकेटची टोपी मान आणि कान उघडे ठेवते. तिच्याखाली दस्ती, म्हणजे रुमाल, भिजवून मानेवर सोडा. कोरड्या हवेत ओली दस्ती कमालीची गार लागते, कूलरचाच नियम. ती दर वीस मिनिटांनी भिजवायची.

तोंडाला घट्ट स्कार्फ बांधून दुचाकी चालवणं ठीक, पळणं नको. वजन उतरवण्यासाठी प्लॅस्टिकचे किंवा रबरी घामाचे सूट घालून पळणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यात घाम वाळत नाही, म्हणजे अंगाचा एकमेव कूलर बंद पडतो. चरबी उतरत नाही, उतरतं ते पाणी. हे सूट मैदानावर मी कुणालाही घालू देत नाही.

वेग कशावर ठरवायचा

उन्हात तोच वेग हृदयाला जास्त महाग पडतो. रक्त एकीकडं स्नायूंना लागतं आणि दुसरीकडं गार होण्यासाठी कातडीकडं. म्हणून मेमध्ये तुमची वेळ फेब्रुवारीपेक्षा मागं पडली तर तुम्ही कमी पडलेले नाही. घड्याळावरचा वेग सोडा आणि श्वासावर चाला: बाजूच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत दम तुटत असेल तर वेग जास्त आहे.

भरतीच्या मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर पळायचंय, त्यांना वेग सोडून चालत नाही हे मला कळतं. त्यांच्यासाठी मी 400 मीटरचे तुकडे ठेवतो, प्रत्येक तुकड्यानंतर सावलीत तीन मिनिटं, तोंडावर आणि मनगटांवर पाणी. तुकड्यांची संख्या थंडीतल्यापेक्षा एक-दोननं कमी. आणि जोड्या लावतो. एकट्यानं पळायचं नाही, जोडीदाराची चाल, बोलणं आणि चेहरा बघत राहायचं. डोक्यात उष्णता चढलेल्या माणसाला स्वतःला काही कळत नाही. तो "मी बराय" म्हणतच पडतो.

किल्ला, लेणी, डोंगर

देवगिरीचा किल्ला काळ्या दगडाचा आहे, उभा चढ आहे आणि वरच्या टप्प्यात सावली मोजकी. उन्हाळ्यात दार उघडताच चढायला लागा आणि दहाच्या आत खाली या. अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यात कोरलेली आहेत. त्या वळणात वारा अडतो आणि समोरचा कडा तापतो. दर सोमवारी अजिंठा बंद असतं, मंगळवारी वेरूळ. सुट्टी आहे हे दारात गेल्यावर कळलं की लोक दुपार भलत्याच डोंगरावर घालवतात, म्हणून सांगितलं.

पाण्याचा हिशोब असा: निम्मं संपलं की परत फिरायचं, शिखर पन्नास पावलांवर असलं तरी. माणशी किमान दोन लिटर. वर टाकं आहे, झरा आहे, यावर मेमध्ये विसंबू नका. कड्यांवर आग्या मोहोळ असेल तर खाली धूर, अत्तर, आरडाओरड काही नको. माशा उठल्या तर माणसं उन्हात वाट फुटेल तिकडं पळतात, तिथून पुढं दोन संकटं एकदम.

शेतात आणि कामावर

व्यायाम ही मैदानावरच्यांची चैन आहे. आपल्या भागात उन्हात सगळ्यात जास्त हालचाल शेतात होते. पऱ्हाटी उपटणं, धसकटं वेचणं आणि वसमत-हिंगोलीकडं हळदीचं काम. मार्च-एप्रिलच्या उन्हात हळद शिजवताना वरून सूर्य आणि समोरून वाफ असते. तिथं दर वीस मिनिटांनी माणूस बदलायला हवा आणि शिजवण्याचं काम पहाटेच उरकायला हवं. अकरा ते चार काम बंद ठेवून पहाटे आणि संध्याकाळी दोन पाळ्या केल्या तर मजुरीही बुडत नाही. मुकादमानं आणि मालकानं हे ठरवायचं असतं, मजूर स्वतःहून थांबत नाही.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. रानात कामाला जाणाऱ्या बायका दिवसभर मुद्दाम कमी पाणी पितात, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. पऱ्हाटी उपटल्यावर तर सगळं रान उघडं पडतं. मग उन्हाळी लागते, जळजळ, कंबरदुखी, वर्षानुवर्षं. यावर तांब्याभर पाणी प्या असं सांगून भागत नाही. चार बांबू आणि जुनी साडी किंवा पोतं लावून बांधावर आडोसा करून द्या. तासाभराचं काम आहे. पाण्याचा माठ ठेवण्याआधी हा आडोसा हवा, म्हणजे माठातलं पाणी खरोखर प्यायलं जाईल.

ज्यांनी उंबऱ्यातच थांबावं

साठीच्या पुढचे, गरोदर बायका, लहान मुलं, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या, सर्दी-ॲलर्जीच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी घाम किंवा तहान कमी होते, किंवा पाणी जास्त जातं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा की उन्हात किती फिरू. यापूर्वी कधी ऊन लागून दवाखान्यात गेलेला असाल तर तुम्ही कायम या यादीत.

ऊन लागलं तर

पोटऱ्यांत गोळे येणं, डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, अंगावर काटा: इथं काम थांबवायचं. सावली, पाय थोडे वर, कपडे सैल, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट, अंगावर ओलं फडकं. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना. बरं वाटलं तरी त्या दिवशी परत उन्हात जायचं नाही. घोळणा फुटला तर डोकं मागं न टाकता पुढं झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, चिडला, ओळखेना, झटके आले, बेशुद्ध झाला: हा उष्माघात. पळणाऱ्या आणि राबणाऱ्या माणसाचं अंग अशा वेळी ओलंही असू शकतं. "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" हे धरून बसू नका. एकानं 108 ला फोन करायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागायचं. गाडीची वाट बघत बसायचं नाही. पहिला अर्धा तास सगळं ठरवतो. शुद्धीत असेल आणि सोबत माणसं असतील तर हौदात किंवा ड्रममध्ये गळ्यापर्यंत बसवा, डोकं सतत धरून ठेवा. ते जमत नसेल, किंवा शुद्ध नसेल, तर कुशीवर निजवा, कपडे काढा, मोटारीच्या पाइपानं किंवा बादल्यांनी अंगावर पाणी ओतत राहा आणि जोरात वारा घाला. आपल्या कोरड्या हवेत ओलं अंग आणि वारा हा उपाय फार चांगला लागू पडतो. बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत.

शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी देऊ नका, हा तो ताप नाही. आणि खिशातला कांदा: कांदा भाकरीबरोबर खावा, चांगला आहे. खिशात ठेवल्यानं ऊन अडत नाही, आणि त्या भरवशावर माणूस भर दुपारी निघतो. उष्माघातातून उठलेल्यानं किमान आठवडाभर पूर्ण विश्रांती घ्यावी आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पळू नये.

मृग जवळ आला की

मेच्या शेवटी दुपारनंतर ढग जमतात, वळीव येतो. विजांसाठी "दामिनी" ॲप मोबाइलमध्ये ठेवा. गडगडाट ऐकू आला की मैदान आणि झाड दोन्ही सोडून पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका.

त्याच दिवसांत तापमान 42 वरून 36 वर येतं आणि लोकांना वाटतं सुटलो. तापमापीच्या टोकाला ओलं फडकं बांधून मोजलं तर 42 अंशांच्या, पंधरा टक्के आर्द्रतेच्या हवेत ती साधारण 22 दाखवते. 36 अंशांच्या, पंचावन्न टक्के आर्द्रतेच्या हवेत 28. ओल्या कातडीचंही तसंच, म्हणजे घामानं गार होण्याची सोय जवळपास निम्मीच उरते. घरातला कूलर नुसती दमट हवा फेकू लागला की ओळखा, अंगातलाही तसाच झालाय. त्या आठवड्यात मी पोरांचं अंतर निम्मं करतो आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा एकेक हिस्सा वाढवत नेतो.